पेशंट ‘समजलं’ म्हणेपर्यंत

एका गावात अंकुश नावाचा एक भोळा राहायचा. सांगितलेलं तंतोतंत करायचा, म्हणून घरच्यांनी त्याला नर्सिंगला घातलं.

पहिल्याच दिवशी त्यानं एका म्हाताऱ्याला न बोलता सुई टोचली. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “अरे, आधी हसून विचारावं, कसं वाटतंय.”

पुढच्या खाटेवर माडावरून पडलेले तात्या विव्हळत होते. दोन्ही पाय प्लास्टरात. अंकुश बत्तीशी दाखवून हसला. “कसं वाटतंय?”

“तू चढ माडावर,” तात्या म्हणाले. “मग आपोआप कळेल.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. “दुखणाऱ्यापुढे हसतात होय? हात हातात घ्यावा. म्हणावं, तुमचं दुःख समजतं मला.”

तेवढ्यात एकजण मुलगी झाली म्हणून बर्फी वाटत आला. अंकुशनं त्याचा हात घट्ट धरला. “तुमचं दुःख समजतं मला.” बाप पुड्यासकट मटकन खाली बसला. सोबत आलेली त्याची आई मात्र म्हणाली, “एवढ्या दवाखान्यात एकाला तरी समजलं.”

कोपऱ्यातल्या खाटेवरून सुरंगा हे बघत होती. तिच्या आठ महिन्यांच्या बाळाला तीन दिवस सलाईन चालू होतं. डॉक्टर यायचे, इंग्रजीत बोलायचे, जायचे. बाळ वाचेल ना, एवढंच तिला विचारायचं होतं. सिस्टर म्हणायच्या, “फाईलमध्ये लिहिलंय सगळं.”

इकडे मॅडमनी अंकुशला बजावलं, “आता एक तक्रार आली की तू घरी. नातेवाइकांशी बोलूच नकोस. सांगायचं ते पेशंटला, सोप्या भाषेत. तो ‘समजलं’ म्हणेपर्यंत त्याला सोडायचं नाही.”

अंकुश फाईल वाचून, स्टूल घेऊन बाळापाशी बसला.

“दादा, माझ्या बाळाला काय झालंय हो?” सुरंगानं विचारलं.

“नातेवाइकांनी मध्ये बोलू नये,” म्हणून तो बाळाकडे वळला. “हे बघा, तुमच्या छातीत कफ साठला होता. औषध लागू पडलंय. ताप उतरलाय. जिवाला धोका नाही. परवा घरी. समजलं?”

सुरंगानं पदर डोळ्यांना लावला. “समजलं हो.”

“तुम्ही नाही. पेशंटनं म्हणायचंय.”

बाळानं तोंडातून बुडबुडा काढला.

तिसऱ्या दिवशी दारात रिक्षा आली, तरी अंकुश बाळापाशीच. मॅडम म्हणाल्या, “अरे शहाण्या, त्याला बोलायला अजून वर्ष लागेल.”

“बरं,” अंकुश म्हणाला. त्यानं स्टूल उचललं आणि रिक्षात बाळाशेजारी जाऊन बसला.