उंबरसावळीचा बाहेरचा अडसर

तळेकवठ्याहून खारी नदीच्या काठानं वर चालत गेलं, की बाभळींच्या मागे एक मोठं टेकाड दिसतं. ती उंबरसावळीची पांढर. पांढर म्हणजे जिथं एके काळी गाव नांदत होतं ती जागा. भिंती ढासळतात, चुलींची राख त्यांत मिसळते, आणि तिथली माती पांढुरकी होऊन बसते. या मुलखात अशी टेकाडं पुष्कळ होती. लोकांनी गाड्या लावून त्यांची माती नेली, शेतात टाकली, घरांच्या मातीच्या धाब्यांवर पसरली, आणि टेकाडं बघता बघता सपाट झाली. उंबरसावळीची मात्र टोपलीभर माती कुणी हलवली नाही. म्हणून विद्यापीठातून उत्खननाला आलेल्या लोकांना इथं अख्खं गाव सापडलं. घरांची जोती, चुली, धान्याची पेवं, आड, आणि वेशीची दगडी चौकट. खणलेली माती चाळून झाली की तेसुद्धा परत त्याच खड्ड्यात लोटतात. आसपासच्या पाच गावांनी तेवढी एकच अट घातली होती.

चौकटीपाशी आलं की पाहुण्यांना एक गोष्ट खटकते. वेस बंद करायच्या अडसराच्या खोबणी बाहेरच्या अंगाला आहेत. चोर-दरोडेखोर यायचे ते बाहेरून, म्हणून गावं आपली वेस आतून लावून घेत. बाहेरून अडसर घातलेलं गाव कुणी पाहिलेलं नसतं. मग कुणीतरी विचारतं, आणि वेसकरांच्या वस्तीतले भिवाजी आबा चौकटीला टेकून खाली बसतात आणि सांगू लागतात.

असं म्हणतात, की शेकडो वर्षांमागं उंबरसावळी भरलं गाव होतं. भोवती दोन पुरुष उंच गावकूस, त्यावर बाभळीच्या काट्यांचे भारे रचलेले, आत-बाहेर करायला एकच वेस. वेशीबाहेर वेसकराची झोपडी. त्याचं नाव येसनाक. आल्या-गेल्याला हटकायचं, दिवस मावळला की वेस लावण्याची हाळी द्यायची आणि आपण घुंगूरकाठी उशाशी घेऊन बाहेर निजायचं, हे त्याचं काम. ज्या गावाची राखण करायची त्या गावात राहायचं नाही, आणि त्याच्या आडाला हात लावायचा नाही, हे त्याच्या आज्या-पणज्यापासून ठरलेलं होतं. बायको बाळंतपणात गेली होती. मागे एकच मुलगी, देमाई. ती रोज सकाळी पाटलाचा गोठा झाडायला आत जायची आणि उन्हं कलली की भाकर-कोरड्यास पदरात घेऊन परत यायची. मार्गशीर्षात तिचं लग्न व्हायचं होतं.

त्या वर्षी आषाढात मरी आली. नदीचं पाणी गढूळ झालं आणि पाठोपाठ माणसं आजारी पडू लागली. सकाळी औत धरलेला माणूस उन्हं उतरेतो हातपाय वळून थंड व्हायचा. पहिला गेला तो मेघोजी पाटलाचा थोरला मुलगा. मग सुताराच्या घरातली दोघं, मग साळ्याची सून. मरीआईला नैवेद्य दाखवले, गाडा फिरवला, काही उतार पडेना. तेव्हा लोकांनी बैलगाड्या जुंपायला काढल्या. कुणी सासुरवाडीला निघालं, कुणी बहिणीकडं, कुणी मामाच्या गावी.

मेघोजी पाटील कठोर माणूस होता, पण विचाराचा होता. मुलाची राख निवली नव्हती तोच तो चावडीपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "जिथं जाल तिथं हे घेऊन जाल. तळेकवठ्यात माझी लेक दिली आहे. तुमच्याही लेकी आहेत त्या पाच गावांत. आपलं व्हायचं ते होईल, पण लेकीबाळींच्या दारात मरण नेऊन टाकायचं नाही."

लोक रडले, भांडले, आणि शेवटी बहुतेकांनी माना खाली घातल्या. पण पाटलाला माणसं ठाऊक होती. आज मान खाली घालणारा उद्या पोर आजारी पडलं की वेस उघडून पळेल. म्हणून त्यानं त्याच दिवशी पाथरवटाकडून चौकटीला बाहेरून खोबणी पाडून घेतल्या. सागाचा जाड अडसर तयार केला आणि येसनाकाला बोलावलं.

"येसनाका, वेस बाहेरून बंद करायची. पुढच्या अवसेपर्यंत कुणाला बाहेर सोडायचं नाही. माणूस ओरडेल, शिव्या देईल, पाया पडेल. मी स्वतः येऊन हुकूम केला तरी अडसर काढायचा नाही. घे शपथ."

येसनाकानं गावची चिमूटभर माती कपाळाला लावली. मग म्हणाला, "पाटीलबा, माझी देमी आत गोठ्यात आहे. तेवढी बाहेर येऊ द्या."

"ज्या घरात पहिला माणूस गेला, त्या घरचा गोठा झाडते ती," पाटील म्हणाला. "आणि येसनाका, तुझी लेक बाहेर आली तर माझ्या सुनेला कोणत्या तोंडानं आत ठेवू?"

येसनाकानं घुंगूरकाठी उचलली. तो बाहेर आला. दारं लागली. अडसर उचलताना आतून देमाईची हाक आली, "बा, मी राहिले ना आत! बा, थांब!" म्हणे, त्यानं अडसर सरकवला आणि मग दाराशीच बसला.

पहिले काही दिवस आतून खूप कालवा झाला. लोकांनी दारावर धडका दिल्या, त्याला नाही नाही ते बोलले. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला दूर उभं केलं, त्याच्या हातात आपला जीव आहे, हे काहींना मरीपेक्षाही जास्त बोचलं. एका दुपारी पाटलाचा धाकटा मुलगा गोमाजी काटे बाजूला सारून गावकुसावर चढला. येसनाक खाली जाऊन उभा राहिला. आयुष्यभर तो या मुलासमोर मान वर करून बोलला नव्हता. त्यानं घुंगूरकाठी उगारली.

"धाकले धनी, मागं फिरा. खाली पाय टेकला तर पाय मोडीन."

गोमाजीनं त्याच्याकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं, आणि तो आतल्या बाजूला उतरून गेला. काठीची घुंगरं कितीतरी वेळ वाजत होती.

देमाई रोज सकाळी दाराशी येऊन बसायची. दारांच्या फळ्यांमध्ये बोटभर फट होती. त्या फटीतून ती कोण गेलं ते सांगायची. आधी ती नुसती रडायची. मग रडणं थांबलं, कारण आत काम खूप होतं. उठून पाणी आणील असं माणूस घरोघर उरलं नव्हतं आणि मरीचा रोगी पाणी पाणी करत जातो. देमाईनं आडाचा पोहरा हातात घेतला. आधी गोठ्याच्या दाराशी पडलेल्या गड्याला पाणी दिलं, मग सुताराच्या म्हातारीला, मग घर दिसेल तिथं शिरू लागली.

"बा," एका सकाळी ती म्हणाली, "जोशांच्या आजीनं आज माझ्या हातचं पाणी घेतलं."

येसनाक मरीला जितका भ्याला नव्हता तितका त्या शब्दांना भ्याला. "कुणी बघितलं का गं?"

आतून देमाईचं हसू आलं, कोरडं. "बघायला आहे कोण, बा?"

पाटीलही तिच्याच हातचं पाणी पीत होता, असं सांगतात. सून गेली, गोमाजी गेला. शेवटी एका संध्याकाळी तो स्वतः भिंतीला धरत धरत वेशीपर्यंत आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"येसनाका, मी मेघोजी. अडसर काढ. हा माझा हुकूम आहे."

"पाटीलबा, हा हुकूम मानायचा नाही, असा हुकूम तुमचाच आहे."

मग पाटील म्हणाला, "बरोबर आहे," आणि त्याची पावलं फरफटत दूर गेली. त्यानंतर त्याचा आवाज कुणी ऐकला नाही.

अवस जवळ आली तेव्हा वेशीशी बोलायला एकटी देमाईच येत होती. एक दिवस ती उशिरा आली. चालत आली नाही हे येसनाकाला आवाजावरून कळलं. फटीच्या अगदी खाली, उंबऱ्याशी, तिचा श्वास लागला.

"बा, आडापर्यंत जाववत नाही."

येसनाक झोपडीकडं धावला. माठातलं पाणी घेऊन आला आणि दारांखालच्या फटीतून ओतू लागला. पलीकडं तिनं ओंजळ लावली होती की तोंड, ते त्याला दिसत नव्हतं. पाणी मातीत मुरत होतं, थोडं तिच्यापर्यंत जात होतं. तो माठ रिकामा झाला की पुन्हा भरून आणायचा आणि पुन्हा ओतायचा.

"बा," ती एकदाच म्हणाली, "उघड ना."

येसनाक उठला. त्यानं दोन्ही हात अडसरावर ठेवले. आत त्याची लेक होती. खाली नदीच्या काठानं तळेकवठं होतं, आणि पुढं आणखी चार गावं. त्या गावांत त्याचं कुणीच नव्हतं. तिथल्या लोकांनी त्याला कधी दारात उभं केलं नव्हतं. ज्यानं शपथ घातली तो पाटीलही आता उरला नव्हता. अडसर काढला असता तर जाब विचारणारं माणूस जगात नव्हतं.

त्यानं हात मागं घेतले आणि खाली बसून पुन्हा पाणी ओतू लागला. पलीकडून काही आवाज येईनासा झाला तरी तो ओततच राहिला, असं म्हणतात.

अवस उलटली तेव्हा त्यानं वेस उघडली. आत एकही चूल पेटलेली नव्हती. त्यानं देमाईला आडाजवळ पुरलं, कारण तिथं आता तिला हटकणारं कोणी नव्हतं. मग तो घरोघर फिरला. माणसं होती तशी झाकली, प्रत्येक दार ओढून घेतलं, कड्या लावल्या. बाहेर येऊन अडसर पुन्हा घातला आणि झोपडीत जाऊन बसला.

पाच गावांत एकही माणूस मरीनं गेलं नाही. पण का गेलं नाही, हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. उंबरसावळी ओस पडल्याचं तेवढं कानावर गेलं. दसरा झाल्यावर तळेकवठ्याचा कान्होजी पाटील गाड्या आणि कुदळी घेऊन आला. ओस गावच्या पेवांत ज्वारी असते, घरांत सागवान असतं आणि पांढरीची माती शेताला सोनं असते. येसनाक वेशीसमोर उभा राहिला.

कान्होजी म्हणाला, "बाजूला हो. गाव मेलं, आता माती कुणाची?"

"माझी पोर आतून उघड म्हणाली तेव्हा उघडलं नाही," येसनाक म्हणाला. "तुमच्यासाठी उघडू?"

कान्होजीला काही कळेना. तेव्हा येसनाकानं त्याला सगळं सांगितलं. पाटलाची शपथ, गोमाजी, पाणी, देमाई. सांगताना त्याचा आवाज चढला नाही. मेघोजीची जी लेक तळेकवठ्यात दिली होती ती कान्होजीचीच सून होती. घरी तिच्या मांडीवर त्याचा नातू होता. कान्होजीनं पायांतला जोडा काढला आणि गाड्या माघारी वळवायला सांगितल्या.

"या पांढरीची माती माझ्या गावचं कुणी नेणार नाही," तो म्हणाला. "बाकीच्या गावांनाही मी शब्द घालतो. आणखी काय देऊ तुला? जमीन माग."

"जमीन नको. माझ्या लेकीच्या हातचं पाणी शेवटी सगळं गाव प्यालं. तुम्हीही आमच्या लेकींच्या हातचं पाणी प्या. आडावर येऊ द्या त्यांना."

मघाशी जोडे काढताना कान्होजी पाटलाला वेळ लागला नव्हता, आता लागला. मागं उभी असलेली माणसं एकमेकांकडं बघू लागली. अखेर तो म्हणाला, "वर्षातून एक दिवस."

येसनाकानं आपल्या हातांकडं पाहिलं. "बरं," तो म्हणाला. मरेपर्यंत तो त्या वेशीसमोरच राहिला आणि पुढं त्याच्या भाऊबंदांनी तिथं वस्ती केली.

आजही आषाढी अवसेला पाचही गावांचे लोक उंबरसावळीच्या वेशीपाशी जमतात. कोऱ्या घागरीत नदीचं पाणी भरलेलं असतं. वस्तीतली एक मुलगी चौकटीत बसते आणि ओंजळीत पाणी ओतते. पहिली ओंजळ तळेकवठ्याच्या पाटलाची. पिणारा "पुरे, माय" म्हणेपर्यंत तिनं धार थांबवायची नाही, ओंजळ भरून पाणी खाली सांडलं तरीही.

आबांची आई लहानपणी त्या चौकटीत बसली होती. त्या दिवशी पाटलानं तिला माय म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर घेऊन तळेकवठ्याच्या आडाजवळ गेली, तेव्हा नेहमीसारखीच दूर उभी राहिली, कुणाला दया येऊन वरून पाणी घालीपर्यंत. इथवर सांगून आबा थांबतात.

मग पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "आता तसं पाळत नसतील ना?"

आबा गुडघ्यावर हात टेकून उठतात. "आता घरोघर नळ आलेत," ते म्हणतात. "विचारायची वेळच येत नाही."