तळ्यात तरंगणारं सोनं

एकदा काय झालं, तळ्याकाठच्या एका गावात भिवराबाई कुंपणाला कान लावून उभी होती. भाजी निवडत होती हं, बाकी काही नाही! पलीकडे झिबल म्हातारा बायकोला सांगत होता, "तळ्यात सोनं तरंगतंय गं, पण..."

'पण'च्या पुढचं ऐकायला थांबेल ती भिवराबाई कसली? सूप तिथंच टाकून निघाली. दुपारपर्यंत गावभर झालं, तळ्यात सोनं!

मग काय, पहिल्या दिवशी लोकांनी मोठी जाळी टाकली. टोपल्या भरून मासे आले, सोनं नाही. दुसऱ्या दिवशी बारीक जाळी टाकली. बोटाएवढी पिल्लं आली, सोनं नाही. तिसऱ्या दिवशी बायकांनी लुगडी धरून पाणी गाळलं. नुसती अंडी आली. टोपल्यांतलं सगळं सडून गेलं, आणि तळं रिकामं झालं.

भिवराबाईची लेक सुगरता बाळंतपणाला माहेरी आलेली. "आई, माशाचा रस्सा कर ना," म्हणाली. भिवराबाई तळ्यावर गेली. कुठं काही नाही. मग ती गवताळ कोपऱ्यात वाकली, तर पाण्यात लालपिवळं झळाळतंय! तिने पदर बुडवला मात्र, खालून काळीभोर मरळ उसळली आणि कचकन बोटाला चावली. आणि चक्क बोलली, बरं का!

"सोनं नाही गं ते, माझी लेकरं आहेत. तुझी लेक माहेरी आलीय ना? तिच्या खाटेवर कुणी जाळं टाकलं का? उरलीसुरली घेऊन मी चालले पाटाने दुसऱ्या तळ्याला. बसा मग चिखल चाटत."

भिवराबाईचे डोळे भरले. "जाऊ नको माय. हा कोपरा तुझं माहेर. मी सांगते गावाला."

"तू? तू तर अर्धंच सांगतेस."

"या खेपेला पुरतं सांगते!"

मग ती घरोघर फिरली. तळं राजाचं, म्हणून राजाही आला. म्हणाला, "मी शिपाई बसवतो."

झिबल हसला. "महाराज, शिपाई डुलक्या घेईल. तळं तुमचं, पण पोट आमचं. राखण आम्ही पाळीपाळीने करू. तुम्ही परकी जाळी वेशीवर अडवा."

राजाला पटलं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, गवताळ कोपऱ्यात जाळं नाही. जाळ्याच्या भोकातून पिल्लू निसटलं पाहिजे. आणि पोटुशी मासोळी आली, तर हळूच पाण्यात सोडायची. राखणीची पहिली पाळी भिवराबाईची. तिच्या नजरेतून काय सुटतंय?

सुगरताला मुलगी झाली. त्या वर्षी तिला वरणाच्या पाण्यावरच भागवावं लागलं. पण पुढच्या पावसाळ्यानंतर घरोघरी रस्सा रटरटला.

एकदा भिवराबाईने कुंपणावरून विचारलं, "झिबलदादा, त्या दिवशी 'पण'च्या पुढं काय होतं हो?"

"पण त्याच्याखाली आई आहे, असं म्हणत होतो."

सोनं काही कुणाला मिळालं नाही. तळ्यात काहीतरी झळाळत होतं, एवढं मात्र खरं. आता मरळीची लेकरं गवतात निजली. तुम्हीही मिटा डोळे. आई आहे राखणीला.