सखव्वाने पदरात बांधलेला शब्द

फार वर्षं झाली, तेव्हा नदीवर पूल नव्हता. अल्याड मराठी, पल्याड कानडी, आणि मधे सखव्वाची नाव. त्या नावेचा रिवाज होता. नावेत ज्या वस्तूवरून भांडण होईल ती सखव्वाची. दोघांनीही 'माझी नाही' म्हटलं तरच ती सोडायची. अशाने तिच्याकडे कोंबड्या, घागरी आणि एक जावई जमला होता, असं म्हणतात.

एकदा अल्याडची राही लग्न होऊन नावेत बसली आणि काठाकडे बघून "आई!" म्हणून रडली.

तिचा आजेसासरा बसाप्पा म्हणाला, "आमच्यात आई म्हणजे आजी. शब्द आमचा. तुम्ही उचलला."

पोचवायला आलेला राहीचा आजा खंडूबा उसळला. "आमचाच हाय! तुम्ही नेला आणि वाटेत म्हातारा केला."

उत्तरेकडचा एक घोडेविक्या मधेच बोलला, "आमच्या मुलखात आई म्हणजे आली."

"कोण आली?"

"कुणीही."

सखव्वाने वल्हं खाली ठेवलं. "भांडण झालं. शब्द माझा." तिने हवेतून काहीतरी धरलं आणि पदराला गाठ मारली.

सगळे हसले. पण तेव्हापासून दोन्ही काठांवर तो शब्द कुणाच्या तोंडून निघेना. पोरं आ करायची आणि तशीच राहायची. ठेच लागली तरी 'आई गं' म्हणता येईना, म्हणून दुखणं आतच साठून माणसं सुजायला लागली. "बाप रे" म्हणून बघितलं. त्याने नुसतंच आश्चर्य वाटायचं. तरी म्हातारे हटेनात.

पुढच्या साली राही पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. दोन्ही म्हातारे सोबत होते. ऐन नदीच्या मधे कळा सुरू झाल्या. मूल अडलं.

"ओरड पोरी, जोरात!" सखव्वा म्हणाली.

"काय ओरडू? तो तर तुझ्या पदरात!"

राही पांढरी पडली. बसाप्पाने हात जोडले. "सोड तो, सखव्वा. आमचा नाही."

"आमचाबी नाही गं!" खंडूबा म्हणाला.

"मग कुणाचा?"

"जिला कळा येतायत तिचा!" दोघं एकदमच ओरडले.

सखव्वाने गाठ सोडली. राहीने अशी हाक मारली की नाव उडून वाळूवर जाऊन बसली, दोन्ही गावांची सूज उतरली, आणि पोर जन्माला आली, असं म्हणतात.

आता पूल झालाय. तरी नववा महिना लागला की दोन्हीकडच्या बायका सखव्वाच्या घाटावर येतात आणि नदीकडे तोंड करून पोटातून "आई!" ओरडतात. समोरच्या काठावर कुणीतरी म्हातारी बसलेली असते. तिने ओ द्यायची. कधी म्हातारी नसली तर शेंगा विकणारा गडी ओ देतो. त्याला कुणी हसत नाही.