वरचा बाहू

एकदा एक वृद्ध धनुष्यकार डोंगराच्या पायथ्याशी राहत होता. त्याच्याकडे दोन सख्खे भाऊ विद्या शिकत होते. थोरला हैबती कामाला वाघ. धाकटा तुळाजी मात्र संथ, लाकडावर बोट फिरवून फिरवून मग कुठे एकदा हत्यार चालवणारा. आईबाप गेल्यापासून धाकट्याला सांभाळणे हे हैबतीने आपले कर्तव्य मानले होते आणि, खरे सांगायचे तर, अलीकडे ते त्याला जड होऊ लागले होते. कर्तव्य कुरकुरत केले की ज्याच्यासाठी करायचे त्यालाच ते बोचते, हे त्या शहाण्याच्या ध्यानात आले नव्हते.

वृद्धाची शिकवण्याची एक रीत होती. दोन शिष्यांनी मिळून एकच धनुष्य घडवायचे. मुठीच्या वरचा बाहू, म्हणजे धनुष्याचा वरचा वाकणारा भाग, एकाने तासायचा, खालचा दुसऱ्याने. मग ते धनुष्य भिंतीतल्या खुंटीवर मुठीपाशी अडकवायचे, दोरी खाली ओढायची आणि दुरून पाहायचे. दोन्ही बाहू सारखे वाकले, तर काम जमले म्हणायचे.

त्या दिवशी भावांचे धामणीच्या लाकडाचे धनुष्य खुंटीवर चढले. तुळाजीने दोरी ओढली. हैबतीने केलेला वरचा बाहू ताठच्या ताठ राहिला आणि खालचा बिचारा पार ओणवा झाला. तुळाजीने तो प्रमाणाबाहेर तासला होता.

"केलंस ना वाटोळं!" हैबती कडाडला. "इतक्या दिवसांची मेहनत मातीत घातलीस."

तुळाजी दोरी सोडून अंगणात जाऊन बसला.

हैबती वृद्धाकडे वळला. "बाबा, याला मामाकडे पाठवून द्या. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. याच्यापायी माझंही शिकणं अडलंय."

मामाकडे पाठवायचे म्हणजे काय, हे दोघेही भाऊ जाणून होते. तिथे तुळाजीला दोन वेळचे जेवण मिळाले असते, पण ते गडी म्हणून राबल्यावर. धनुष्याची विद्या त्याला कायमची अंतरली असती.

"पाठवू," वृद्ध शांतपणे म्हणाला. "आधी हे धनुष्य तर नीट करू."

आता बाबा खालच्या बाहूला काहीतरी बांधून आधार देतील, असे हैबतीला वाटले. वृद्धाने खालच्या बाहूकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने धारदार पाते उचलले आणि सरळ वरच्या बाहूवर चालवले. लाकडाचा पांढरा कीस जमिनीवर पडू लागला.

हैबती पुढे धावला. "बाबा, अहो, तो माझा! तो चांगला आहे!"

"चांगला आहे म्हणूनच. त्याच्यापाशी कमी करण्याजोगं काही शिल्लक आहे."

"म्हणजे चूक त्याची आणि तासायचं माझं?"

वृद्धाने पाते खाली ठेवले. "बाळ, खालच्या बाहूचं गेलेलं लाकूड मला परत आणता येत नाही. तू कितीही ओरडलास तरी ते उगवणार नाही. वरचा असाच ताठ राहिला, तर सगळा ताण खालच्यावर येईल आणि एक दिवस तो मोडेल. मग तुझ्या या मजबूत बाहूला कुणीही चुलीत घालेल. वरचा तासला की धनुष्याचा जोर कमी होणार, बाण थोडा अलीकडे पडणार, हे खरंच आहे. पण धनुष्य टिकेल. आणि हैबती, इतक्या हळू हाताचा हा मुलगा एवढं लाकूड कसं काढून बसला, हेही एकदा आठवून बघ."

हैबतीला आठवायला फार वेळ लागला नाही. तुळाजी तासत असताना तो डोक्याशी उभा होता. 'उरक, उरक लवकर, किती गोंजारशील?' असे त्याचे सारखे चालले होते. शेवटी तुळाजीचा हात भरभर चालू लागला, तेव्हा त्याने मोठ्या कौतुकाने भावाची पाठही थोपटली होती. हैबतीला स्वतःची लाज वाटली. डोळे भरून आले, पण म्हाताऱ्यासमोर रडायचे कसे, म्हणून तो जमिनीवरचा कीस उगाच गोळा करत राहिला.

वृद्धाने पाते त्याच्या पुढे धरले. "उरलेलं तू कर. बाहू तुझा आहे."

हैबती अंगणात गेला. "तुळ्या, आत चल. मी तासतो. तू दुरून बघ आणि कुठं ताठ आहे ते मला सांग."

तुळाजीला आधी ही थट्टाच वाटली. दादाला कुणी काही सांगायचे असते, हे त्याने आजवर ऐकले नव्हते. तरी तो आत येऊन समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिला. वृद्धाने दोरी ओढून धरली. तुळाजी आपल्या नेहमीच्या पद्धतीने पाहत राहिला, पाहतच राहिला. हैबतीच्या ओठांवर शब्द आले होते. ते त्याने गिळले.

"दादा," बऱ्याच वेळाने तुळाजी चाचरत म्हणाला, "मुठीजवळ. तिथं अजून वाकतच नाही."

हैबतीने निरखून पाहिले. खरेच होते. त्याच्या स्वतःच्या बाहूवरची ती जागा त्याला इतक्या दिवसांत दिसली नव्हती. त्याने तिथे पाते टेकवले आणि विचारले, "एवढं पुरे, की अजून?"

मामाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आपल्या घरात कोण कमी पडते ते आपल्याला लगेच दिसते. आपण कुठे ताठ आहोत, हे मात्र त्या कमी पडणाऱ्यालाच विचारावे लागते.