फाळजाईच्या टाक्यातले काळे हात

हिरडेमाळावर फाळजाईच्या देवळामागे कातळात कोरलेलं एक टाकं आहे. नांगराचा झिजलेला फाळ या टाक्यात टाकायचा, म्हणजे तो देवीला पोचतो, अशी इथली रीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गंजाने पाणी तांबूस झालंय. हे पाणी चोर ओळखायचं, असं गावातले म्हातारे पाहुण्यांना सांगतात.

फार मागे एकदा देवीचे चांदीचे डोळे नाहीसे झाले म्हणे. पाटलाने दवंडी पिटली, सगळ्यांनी टाक्यात हात बुडवायचे. चोराचे काळे पडतील. पुरुषांचे हात गेले तसे बाहेर आले. मग ठकू नावाच्या एका तरण्या सुनेची पाळी आली. पाटलाच्या आईचं पोट बिघडलेलं, म्हणून ठकू सकाळपासून पाटलाच्याच अंगणात हिरडा कुटत होती. तिने हात वर काढले, ते शाईत बुडवल्यासारखे काळे.

ठकूने तळवे निरखले. हे काळं तिच्या रोजच्या ओळखीचं होतं.

"पाटीलबाबा, विळीवर हिरडा चिरला की विळी अशीच काळी पडती. मग विळीनं काय चोरलं? टाक्यात बी लोखंडच हाय. तुमी बी हिरडा चोळा आन् बुडवा हात."

मागे बाया फिसकन हसल्या. पाटील हसला नाही. "देवीची परीक्षा घेतीस व्हय गं, ठके?" म्हणत त्याने हात पाठीमागे बांधले. खरं कळायला चिमूटभर पूड पुरली असती.

त्याच दिवशी ठकूला शिवेबाहेर काढलं. तान्ही लेक सासूने ठेवून घेतली.

पुढच्या पावसाळ्यात देवीच्या अंगावरची शेंदराची जाड खोळ गळून पडली. आत दोन्ही डोळे जागच्या जागी होते. दर अमावास्येला शेंदराचे थर चढवायचा मान पाटलाचाच. ठकूला शोधायला माणसं गेली, ती ठकूला न घेताच परतली. लेक तोवर दुसरीलाच आई म्हणू लागली होती.

मग पंचांनी प्रायश्चित्त ठरवलं, तेही बायांसाठी. नव्या सुनेने हिरडा चोळून टाक्यात हात बुडवायचे.

आजही इथे नवरीचे हात काळे होतात. म्हातारे त्याला देवीचा प्रसाद म्हणतात, पाहुणे माना डोलावतात. चैत्रात गावचे मानकरीही टाक्यात हात बुडवतात आणि कोरे तळवे सगळ्यांना दाखवतात. हिरडा कुटायला त्या दिवशीही बायाच असतात.