दोन बॅटऱ्यांच्या मधला सर्जेराव

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात सर्जेराव नावाचा एक भोळा गडी राहायचा. अंगानं आडमाप, मनानं निर्मळ. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. जसं सांगितलं तसंच करायचा. तिथंच सगळा घोटाळा होता.

त्याच गावात जनावरांच्या डॉक्टर होत्या, मृणालताई खर्डेकर. त्यांची डोंगर चढणारी दणकट जीप होती. जीपमध्ये छोटा फ्रीज, फ्रीजमध्ये लसी. ताई जीप चालवायच्या, सर्जेराव शेळ्या धरायचा. शेळी कितीही उधळलेली असो, त्याच्या काखेत आली की गप्प व्हायची.

पण तो फ्रीज जीपच्याच बॅटरीवर चालायचा. ताई वर धनगरवाड्यावर कामात असल्या की इकडे फ्रीज बॅटरी पार चाटूनपुसून टाकायचा. मागच्या खेपेला तर जीप काही केल्या चालूच होईना. फ्रीज बंद पडला, लसी गरम झाल्या, सगळ्या फेकाव्या लागल्या. वर शेळ्यांत रोग शिरलेला. सर्जेरावानं ढकलत ढकलत जीप उताराला आणली. सर्जेरावाला फार वाईट वाटलं.

गॅरेजवाल्या हुसेनमामांनी तोड काढली. "दुसरी बॅटरी बसवू. एक इंजिनाची, एक फ्रीजची. दोघींचे संसार वेगळे."

"मी मदत करतो," सर्जेराव म्हणाला.

मामांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मामांकडे पाहिलं. कुणालाच नाही म्हणवेना, म्हणजे ठरलं.

"तालुक्याला जा," मामा म्हणाले, "नवी बॅटरी घेऊन ये. आडवी करायची नाही. उभ्यानं आणायची."

सर्जेराव एसटीनं गेला, एसटीनं आला. आला तेव्हा त्याचे पाय लटलट कापत होते.

"काय झालं रे?"

"गाडी रिकामी होती मामा. कंडक्टर म्हणाला, बसा पाहुणे. पण मी कसला बसतोय! बॅटरी कवटाळून उभ्यानं आणली."

"अरे, बॅटरी उभी ठेवायची, तू नाही! तू आपलं मांडीवर घेऊन निवांत बसायचं."

"मांडीवर घ्यायचं. बरं."

मग नवी बॅटरी ठेवायला लोखंडी ट्रे हवा होता. वेल्डिंगवाल्यानं तो तयारच केला होता. अगदी आत्ता. सर्जेरावानं तो घेतला, टमटममध्ये चढला आणि मांडीवर घेऊन निवांत बसला. निवांतपणा काही फार टिकला नाही. गॅरेजपाशी टमटम थांबली, तेव्हा आधी धूर उतरला, मग सर्जेराव.

"पॅन्टला भोक पडलं की रे!" मामा ओरडले.

"दोन पडली मामा. पण ट्रे खाली ठेवला नाही."

"अरे शहाण्या, आधी पाण्यात बुडवायचा! चर्र वाजायचं थांबलं की मग हात लावायचा."

"पाण्यात बुडवायचं. बरं."

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दुकानातून आयसोलेटर आला. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये बसणारा हा विजेचा डबा. एसटीच्या थांब्यावरून तो आणायला सर्जेराव गेला आणि वाटेतल्या गुरांच्या हौदावर थांबला. डबा बुडवला. कान लावून बसला.

"मामा, हा मुका निघाला," गॅरेजवर येऊन तो म्हणाला. "किती वेळ धरला पाण्यात, पण चर्र म्हणून वाजला नाही."

मामांनी आधी डब्यातलं पाणी झटकलं. "अरे बाबा, असल्या वस्तूला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही! कोरड्या फडक्यात गुंडाळायची. ओल दिसली तर पुसायची आणि उन्हात ठेवायची!"

"पुसायचं. उन्हात ठेवायचं. बरं."

डबा दिवसभर उन्हात वाळला आणि नशिबानं चालू झाला. तोवर लसी आल्या होत्या. त्या जीपपर्यंत नेताना गार राहाव्यात म्हणून ताईंनी सर्जेरावाला बर्फ आणायला पाठवलं. बराच वेळ झाला तरी तो येईना, म्हणून त्या बाहेर आल्या. सर्जेराव भर उन्हात दगडावर बसला होता. हातात चिंब फडकं.

"सर्जेराव, बर्फ कुठाय?"

"त्याला लई ओल होती ताई. मी पुसत होतो. पुसतोय तर आणखी ओल. पुसता पुसता बर्फच संपला."

ताईंना रागवायचं होतं, पण हसूच आलं. त्या स्वतः जाऊन बर्फ घेऊन आल्या.

जीप तयार झाली. बॉनेटखाली दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी, मध्ये तो डबा. मामांनी सर्जेरावाला जवळ बोलावलं.

"हे बघ सर्जा, नीट ऐक. गाडी चालू असली की या दोघींना जोडायचं. दोघींना खुराक मिळतो. गाडी बंद झाली की दोघींना तोडायचं. नाहीतर फ्रीजवाली इंजिनवालीचं सगळं पिऊन टाकते. हे जोडायचं-तोडायचं काम हा डबा करतो. पण तो भिजलाय. तू लक्ष ठेव."

"किती तोडायचं मामा?"

"किती म्हणजे? पार! गाडी बंद असताना दोघींचा काडीचा संबंध राहता कामा नये."

सर्जेरावानं मान हलवली. या खेपेला त्याला चूक करायचीच नव्हती. त्यानं एक पाना मागून खिशात टाकला.

सकाळी जीप डोंगर चढली. धनगरवाड्याजवळ ताईंनी ती बंद केली. फ्रीज गुरगुरत राहिला. सर्जेरावानं शेळ्या धरल्या, ताईंनी टोचल्या. एकही लस वाया गेली नाही. शेवटची शेळी सोडून ताई म्हाताऱ्या धनगरणीकडे ताक प्यायला बसल्या आणि सर्जेराव जीपकडे आला.

त्यानं बॉनेट उघडलं. डब्याकडे पाहिलं. हौदात बुडालेला बिचारा. त्याच्यावर एवढा भार कशाला? आपण धडधाकट माणूस आहोत की.

त्यानं काळी तार सोडली, लाल तार सोडली आणि इंजिनाची बॅटरी उचलून करवंदीच्या जाळीमागं ठेवली. मागं वळून पाहिलं. फार जवळ वाटली. म्हणून पुढं खडकापाशी नेली. तिथूनही जीप दिसत होती. पार म्हणजे पार, त्यानं स्वतःला बजावलं आणि बॅटरी खांद्यावर घेऊन पायवाट धरली.

दुपार कलताना तो घामाघूम होऊन गॅरेजवर पोचला. मामा फोन कानाला लावून उभे होते. पलीकडून ताईंचा आवाज येत होता, "मामा, सर्जेराव कुठं दिसत नाही आणि जीपही चालू होत नाहीये हो! बॅटरी उतरली की काय?"

मामांनी सर्जेरावाकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्याकडे पाहिलं.

"होय ताई," ते म्हणाले. "उतरली. डोंगर उतरून आत्ताच इथं पोचली."

सर्जेरावानं बॅटरी हळूच जमिनीवर टेकवली. चेहऱ्यावर समाधान. "एक वर, एक खाली. आता काडीचा संबंध नाही मामा."

"अरे, मग ताई खाली येणार कशा? जा! आत्ताच्या आत्ता वर जा आणि ही जोड!"

सर्जेराव घाम पुसत बाकड्यावर ऐसपैस बसला.

"जोडतो की. पण बंद गाडीला नाही जोडायची, तुम्हीच बजावलंय. ताईंना सांगा, आधी गाडी चालू करा. चालू झाली की मी हा निघालोच."