कढईच्या तळचा खिमा

"मग आज तरी झारा मिळेल का, गुरुजी?"

लामा तेनपा कोबी चिरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पूर्व विदर्भातल्या एका तिबेटी मठाचं हे स्वयंपाकघर. म्हातारे लामा तिथले मुख्य आचारी. ते ज्याच्या हातात स्वतःचा झारा देतील, तो त्यांच्यानंतर तिथला आचारी, अशी मठाची रीत. सुगत त्या झाऱ्यासाठी नागपुरातली हॉटेलची नोकरी सोडून आला होता. अजून तो साध्या पळ्याच हाताळत होता, आणि ते त्याला फार लागलं होतं.

"आज जेवण तू कर," लामा म्हणाले. "वाढही तूच. मग बघू."

त्या दिवशी खिमा घातलेल्या नूडल्स होत्या. सुगतने खिमा आधी कोरडा परतून त्याचं पाणी आटवलं. मोठ्या आचेवर गाजर, कोबी, सिमला मिरची फिरवली, सोया सॉस घातला, वर कांद्याची पात पेरली. भाज्या करकरीत, नूडल्स मोकळ्या. खिम्याचे गोळे मात्र त्याने मुद्दाम मोठे ठेवले. हॉटेलात तसंच करत. मटण दिसलं पाहिजे.

स्वयंपाक उत्तम झाला होता, त्यात वाद नाही.

बाहेर रांग लागली. प्रार्थनेच्या दालनावर स्लॅब टाकायचं काम चालू होतं, त्यामुळे आसपासच्या गावांतली कामावरची माणसं जेवायला होती.

गोळे जड, ते कढईच्या तळाशी जाऊन बसले. पळी वरवर फिरवली की नुसत्या नूडल्स आणि कोबी. खोल घातली की खिमा. सुगतची पळी कामावरच्या माणसांसाठी वरवर फिरली. मुकादमासाठी थोडी खोल गेली.

वाढणाऱ्याचा हात कोणाच्या ताटात किती खोल जातो ते आपल्याकडे सगळ्यांना दिसतं आणि सगळे खाली बघून जेवतात. मला याचाच संताप येतो.

शेवटी लामा ताटली घेऊन उभे राहिले. पळी तळापर्यंत गेली. ताटलीत खिम्याचा ढीग झाला.

लामा ती ताटली घेऊन भिंतीच्या सावलीत बसलेल्या एका बाईपाशी गेले. तिच्या केसांत सिमेंट होतं. त्यांनी तिची ताटली उचलली आणि आपली तिच्यापुढे ठेवली.

"राहू द्या जी, तुमीच खा," ती अवघडून म्हणाली. "माही उष्टी हाये ते."

लामा तिच्या उष्ट्या ताटलीतलं खाऊ लागले.

सुगत कढई सोडून तरातरा आला.

"सगळ्यांसमोर माझा अपमान केलात तुम्ही."

"नूडल्स छान झाल्यात."

"मी तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं!"

"कोणाच्या ताटातलं?"

"गुरूला चांगलं वाढायचं नाही? हा काय न्याय झाला?" सुगतचा आवाज चढला. "इतके दिवस तुमची भांडी घासली, तुमचे शब्द झेलले. आणि तुम्ही माझं वाढलेलं कोणालाही देऊन टाकता. ही बाई कोण? तिचं नाव तरी ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही," लामा म्हणाले. "तुला?"

"मला ठाऊक असायचं कारण काय?"

लामा उठले. कढईपाशी गेले. त्यांनी तळाचा एक गोळा काढून बोटांनी पार भुगा होईपर्यंत चुरडला आणि उरलेल्या नूडल्समध्ये कालवला. मग आपल्या झाऱ्याने वरच्यावर थोड्या नूडल्स उचलून सुगतला दाखवल्या. प्रत्येक नूडलला खिमा चिकटला होता.

सुगतने पाहिलं. त्याचा राग मात्र उतरला नाही.

"हे मलाही येतं. मला फक्त एवढंच सांगा, झारा कधी देणार?"

लामांनी झारा धुतला, पुसला आणि आपल्या कमरेला खोचला.

"ज्या दिवशी तू माझ्यासाठी कढईत खिमा शोधशील आणि तुला तो सापडणार नाही, त्या दिवशी."